एच-१बी वरून ग्रीन कार्ड: आधी तारीख पदरात पाडून घ्या

ग्रीन कार्डच्या, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत माझ्या आणि माझ्या मित्राच्या तारखेत जेमतेम साडेतीन महिन्यांचा फरक आहे. आम्ही दोघं २०११ मध्ये पुण्याहून एकाच महिन्यात एच-१बी वर, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर, अमेरिकेत आलो, पुढे वेगवेगळ्या कंपन्यांत लागलो, दोघांचीही फाइल ईबी-२ मध्ये, म्हणजे मास्टर्स किंवा त्या तोडीच्या लोकांच्या गटात. त्याचा पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीचा लेबर डिपार्टमेंटकडचा पहिला अर्ज, ऑक्टोबर २०१४ च्या शेवटी फाइल झाला, माझा फेब्रुवारी २०१५ मध्ये, कारण माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या एचआरने दोनदा सांगितलं की पुढचा रिव्ह्यू होऊन जाऊ दे मग सुरू करू, आणि मी दोन्ही वेळा बरं म्हणून गप्प बसलो. ऑक्टोबर २०२० मध्ये भारताच्या ईबी-३ ची, म्हणजे त्याखालच्या बॅचलर्सवाल्या गटाची, फाइलिंगची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली (त्याआधीची तारीख असलेल्यांना अर्ज भरता येतो), मित्राने ईबी-३ मधून आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरून टाकला. मग २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत सरकली, त्याने केस ईबी-२ कडे वळवून घेतली आणि त्याच वर्षी कार्ड घरी आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तारीख परत १ एप्रिल २०१२ वर गेली. मी दोन्ही वेळा थोडक्यात बाहेर राहिलो आणि आजही रांगेत आहे.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण नवीन आलेली मुलं अजूनही मला विचारतात की दादा, दोन-तीन वर्षं सेटल होऊन मग ग्रीन कार्डचं बघितलं तर चालेल ना. नाही चालणार. भारतात जन्मलेल्या माणसासाठी या सगळ्या भानगडीत एकच गोष्ट खरी मोलाची आहे, ती म्हणजे प्रायॉरिटी डेट, रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख. फाइल कंपनीची, वकील कंपनीचा, अर्जावर सही कंपनीची, पण आय-१४०, म्हणजे पर्मनंतरचा कंपनीचा दुसरा अर्ज, एकदा अप्रूव्ह झाला की तारीख तुमची, ती तुम्ही पुढच्या कंपनीत घेऊन जाऊ शकता. म्हणून खाली जे काही सांगतोय ते सगळं या एकाच हिशोबाने वाचा: तारीख लवकर कशी मिळेल आणि मिळालेली हातातून कशी जाणार नाही.

आधी सहा वर्षांचं गणित

एच-१बी ची मुदत एकूण सहा वर्षं, साधारण तीन अधिक तीन. सहाव्या वर्षानंतर एक्स्टेंशन हवं असेल तर दोन रस्ते आहेत. एक, पर्म किंवा आय-१४० भरून किमान ३६५ दिवस झालेत आणि केस अजून चालू आहे, तर एकेक वर्षाचं एक्स्टेंशन मिळतं. दोन, आय-१४० अप्रूव्ह झालाय पण तारीख करंट नाही, म्हणजे तुमचा नंबर आलेला नाही, तर तीन-तीन वर्षांचं. हे २००० सालच्या कायद्यामुळे शक्य झालंय आणि आपल्यातले हजारो लोक वर्षानुवर्षं याच तीन वर्षांच्या तुकड्यांवर राहतायत.

आता उलटं मोजा. पर्म पाचवं वर्ष संपायच्या आत फाइल झालेला बरा. पर्मच्या आधी लेबर डिपार्टमेंटकडून प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे त्या कामाचा त्या भागातला चालू पगार, ठरवून घ्यावं लागतं, त्यातच गेल्या काही वर्षांत अर्धं वर्षं जातंय, मग जाहिरातींचे दोन-तीन महिने, आणि फाइल केल्यावर लेबर डिपार्टमेंटचा निर्णय यायला वर्षाच्या वर. म्हणजे चौथ्या वर्षी जाग आली तरी घाई झालीच, आणि मधेच ऑडिट लागलं किंवा ले-ऑफ झाला तर हातात वेळच उरत नाही. माझं स्पष्ट मत, ऑफर लेटरवर बोलणी चालू असतानाच विचारायचं: तुमच्याकडे ग्रीन कार्डची पॉलिसी काय, जॉइन झाल्यावर किती महिन्यांनी पर्म सुरू करता, आणि हे ईमेलमध्ये लिहून द्याल का. पगारात पाच हजार डॉलर कमी घ्या पण हे लिहून घ्या. तोंडी "करू की" म्हणणाऱ्या मॅनेजरचा दोष नसतो, तो स्वतःच सहा महिन्यांनी दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो.

आणि एक छोटी गोष्ट, अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस सहा वर्षांत धरत नाहीत, ते मागून परत जोडून घेता येतात. दिवाळीला, लग्नकार्याला, आईच्या ऑपरेशनला जे काही आठवडे गेला असाल त्याचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, माझे असे जवळपास चार महिने निघाले होते.

पर्मच्या आधीचं काम, जे तुमचं तुम्हालाच करायचंय

पर्म म्हणजे कंपनीने लेबर डिपार्टमेंटला दाखवायचं की या ठिकाणी, या कामासाठी, या पगारात लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही. सगळं उभं राहतं ते जॉबच्या किमान अटींवर, म्हणजे कोणती डिग्री, किती वर्षांचा अनुभव, कोणती स्किल्स. या अटी तुम्ही स्वतः पर्म फाइल व्हायच्या दिवसाआधीच पूर्ण केलेल्या असायला लागतात आणि त्याचा कागदी पुरावा लागतो. इथे दोन ठिकाणी आपल्या लोकांचं अडतं.

पहिलं म्हणजे डिग्री. ईबी-२ ला मास्टर्स, किंवा बॅचलर्स आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो. चार वर्षांचं बीई, बीटेक असेल तर प्रश्न येत नाही. नुसतं तीन वर्षांचं बीएस्सी, बीसीएस किंवा बीकॉम असेल तर ते अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीचं धरायला खळखळ होते, अशा वेळी वकिलाशी आधीच बोलून डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घ्या, पर्म फाइल झाल्यावर नाही, कारण पर्ममधे जे शब्द गेले ते नंतर बदलता येत नाहीत. पाच वर्षं कधीपासून मोजायची हाही वाद असायचा, पदवीदान समारंभ निकालानंतर वर्ष-दीड वर्षाने होतो आणि सर्टिफिकेटवर ती उशिराची तारीख असते. २०१७ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, एका केसमध्ये मान्य केलं की युनिव्हर्सिटीने डिग्रीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट दिलं असेल तर त्या तारखेपासून मोजता येतं. तेव्हा ते पिवळं पडलेलं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट शोधून काढा.

दुसरं म्हणजे एक्स्पिरियन्स लेटर. आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरवर काय असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सिनियर सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली होती, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. याचा इथे काही उपयोग नाही. लेटर कंपनीच्या लेटरहेडवर हवं, त्यात पद, महिना-दिवसासकट तारखा, फुलटाइम होता हे, काय काम केलं आणि कोणकोणत्या टेक्नॉलॉजी वापरल्या हे सगळं, खाली सही करणाऱ्याचं नाव आणि पद. पर्ममध्ये तीन वर्षं ओरॅकल लागेल असं लिहिलं असेल तर लेटरमध्ये ओरॅकल हा शब्द आणि ती तीन वर्षं दिसली पाहिजेत. पुण्यातल्या माझ्या पहिल्या कंपनीच्या एचआरने कामाचं वर्णन लिहून द्यायला साफ नकार दिला, आमची पॉलिसी नाही म्हणाले, मग माझ्या तेव्हाच्या लीडला शोधला, तो तोपर्यंत दुसरीकडे गेला होता, त्याने स्वतःच्या नावाने सविस्तर लेटर दिलं आणि त्याला मी जुनं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ जोडले. चाललं ते. पण हे सगळं करायला मला सात आठवडे लागले, वकील रोज विचारत होता. कंपनी बंद पडलेली असेल, विकली गेलेली असेल तरी हाच मार्ग. ज्या दिवशी अमेरिकेत पाय ठेवला त्याच महिन्यात ही लेटर्स गोळा करायला लागा, तेव्हा जुने सहकारी फोन उचलतात.

आणखी एक, सध्याच्याच कंपनीत मिळवलेला अनुभव सहसा पर्मसाठी धरत नाहीत, आधीचं पद आणि आताचं पद यात निम्म्याहून जास्त काम वेगळं आहे असं दाखवता आलं तरच. त्यामुळे तुमच्या हातातला अनुभव म्हणजे बहुतेक भारतातलाच.

प्रत्यक्ष पर्म

प्रिव्हेलिंग वेज आलं की कंपनी भरतीची जाहिरात करते. रविवारच्या पेपरात दोन वेगवेगळ्या रविवारी जाहिरात, राज्याच्या रोजगार खात्याकडे ३० दिवस जॉब ऑर्डर, ऑफिसमध्ये १० कामकाजाचे दिवस नोटीस, आणि प्रोफेशनल पदांसाठी आणखी तीन मार्ग, जसं कंपनीची वेबसाइट, जॉब पोर्टल, कर्मचाऱ्यांचा रेफरल प्रोग्रॅम. भरती संपल्यावर ३० दिवस थांबायचं आणि पहिल्या जाहिरातीपासून १८० दिवसांच्या आत फाइल करायचं. या भरतीत तुम्ही कुठेही हात घालायचा नाही, आलेले रेझ्युमे बघायचे नाहीत, इंटरव्ह्यूला बसायचं नाही, मॅनेजरने कौतुकाने "बघ रे हा कॅन्डिडेट कसा वाटतो" म्हटलं तरी नाही. लायक अमेरिकन उमेदवार खरंच सापडला तर पर्म फाइल होत नाही आणि कंपनीला काही काळाने सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा, २००७ च्या नियमाप्रमाणे पर्मचा एक डॉलरसुद्धा तुमच्याकडून घेता येत नाही, पगारातून कापून नाही आणि मागाहून वसूल करूनही नाही. छोट्या कन्सल्टिंग कंपन्यांमध्ये कुणी "अर्धे तू दे, अर्धे आम्ही" असं म्हणाला तर समजा की माणूस नियम मोडतोय आणि उद्या चौकशी झाली तर फाइल तुमची बुडणार आहे. अशा दोन-तीन मुलांना मी जवळून बघितलंय, परिस्थिती इतकी नाजूक असते की त्यांना नाही म्हणता येत नाही, पण खरंच नाही म्हणा.

कंपनीने त्याच भागात, त्याच प्रकारच्या पदांवर गेल्या सहा महिन्यांत ले-ऑफ केला असेल तर त्या कामावरून काढलेल्या लोकांना आधी कळवून त्यांचा विचार करावा लागतो. म्हणून ले-ऑफ जाहीर झाला की कंपन्या पर्मच थांबवतात, कधी सहा महिने, कधी वर्ष. कंपनीची तब्येत कशी आहे यावर डोळा ठेवा. शेजारच्या टीममध्ये कुजबुज सुरू झाली आणि तुमची जाहिरात पूर्ण झालेली असेल तर एचआरच्या मागे लागून फाइलिंग त्याच आठवड्यात करून घ्या.

ज्या दिवशी पर्म लेबर डिपार्टमेंटकडे दाखल होतो तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. पर्म हा एका पदाचा आणि एका जागेचा असतो, टेक्सासमधल्या ऑफिससाठी केलेला पर्म घेऊन तुम्ही न्यू जर्सीला कायमचे जाऊ शकत नाही, त्यामुळे त्या काळात प्रमोशन, बदली, घरून काम असं काही ठरत असेल तर आधी वकिलाला विचारायचं.

आय-१४०, इथे थांबायचं नाही

पर्म मंजूर झाला की १८० दिवसांच्या आत आय-१४० भरायला लागतो, नाही भरला तर पर्म रद्दबातल आणि तारीख गेली. आय-१४० मध्ये दोन गोष्टी तपासतात, तुम्ही अटींत बसता का आणि कंपनीला हा पगार परवडतो का, तोही प्रायॉरिटी डेटपासून पुढे. तुमचा चालू पगार पर्ममधल्या पगाराइतका किंवा जास्त असेल तर डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचं वार्षिक टॅक्सचं पत्रक, दाखवून काम होतं. कंपनी छोटी आणि तोट्यात असेल तर तिचे टॅक्स रिटर्न मागतात आणि तिथे केस लटकते.

प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल येतो, म्हणजे मंजुरी, नामंजुरी किंवा आणखी कागद मागणारी आरएफई. माझं सगळ्यांना सांगणं आहे की प्रीमियम करा. कंपनी म्हणेल की घाई काय, तुझी तारीख यायला दहा-पंधरा वर्षं आहेत. घाई अशी की तुमची नोकरी जाऊ शकते, आणि आय-१४० अप्रूव्ह व्हायच्या आधी नोकरी गेली तर पर्मही गेला, तारीखही गेली, पुढच्या कंपनीत पहिल्यापासून. अप्रूव्ह झाल्यानंतर गेली तर तारीख शाबूत, फसवणूक किंवा गंभीर चूक निघाली नाही तर. आणि अप्रूव्हल होऊन १८० दिवस उलटले की कंपनीने नंतर आय-१४० मागे घेतला तरी तो रद्द होत नाही, जानेवारी २०१७ पासून हा नियम आहे, त्याच्या जोरावर पुढची कंपनी तुमचं तीन वर्षांचं एक्स्टेंशन करू शकते.

अप्रूव्हल नोटीसची कॉपी हातात घ्या. बऱ्याच कंपन्या देत नाहीत, म्हणतात हे कंपनीचं डॉक्युमेंट आहे. किमान रिसीट नंबर तरी लिहून घ्या. नाहीच मिळाली तर यूएससीआयएसकडे माहिती अधिकारासारखा अर्ज असतो, फोइआ म्हणतात, तो ऑनलाइन भरा, वेळ लागतो पण तुमच्या फाइलमधली कागदपत्रं येतात. पर्मची कॉपीही मागून ठेवा, पुढच्या नोकरीत तुमचं आधीचं काम काय लिहिलंय ते जुळायला लागतं.

नोकरी बदलायची असेल तर

आय-१४० अप्रूव्ह होऊन सहा महिने झाले की तुम्ही मोकळे आहात असं म्हणायला हरकत नाही. नवीन कंपनी नवा पर्म आणि नवा आय-१४० करते, आणि त्या आय-१४० सोबत जुनी नोटीस जोडून जुनी तारीख मागते. मी २०१८ मध्ये असंच केलं, पर्म नवा पण तारीख फेब्रुवारी २०१५ चीच. ईबी-३ मधली तारीख ईबी-२ मध्ये आणि उलटीकडेही नेता येते. लोक वर्षानुवर्षं नको असलेल्या मॅनेजरखाली, वाढ न होणाऱ्या पगारात बसून राहतात कारण त्यांना वाटतं की सोडलं तर सगळं जाईल, आणि कंपन्याही ते वाटू देतात. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

ले-ऑफ झाला तर ६० दिवसांपर्यंतचा ग्रेस पिरियड असतो, तो शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजायचा, सेव्हरन्सच्या शेवटच्या पगारापासून नाही. या ६० दिवसांत नवीन कंपनीचा एच-१बी फाइल झाला पाहिजे किंवा दुसऱ्या स्टेटसला अर्ज गेला पाहिजे.

रांग कशी वाचायची

दरवर्षी रोजगाराच्या कोट्यात साधारण १,४०,००० ग्रीन कार्ड असतात, त्यात नवरा-बायको आणि मुलंही मोजतात, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतातून अर्ज इतके आहेत की २०२५ च्या उत्तरार्धातसुद्धा ईबी-२ आणि ईबी-३ दोन्हींच्या अंतिम तारखा २०१३ मध्येच घोटाळत होत्या. स्टेट डिपार्टमेंट दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात दोन तक्ते असतात, एक अंतिम निर्णयाचा आणि एक फाइलिंगचा. त्या महिन्यात कुठला तक्ता वापरायचा ते यूएससीआयएस वेगळं जाहीर करतं, ते वाचल्याशिवाय आनंद करू नका. ऑक्टोबरमध्ये कोट्याचं नवीन वर्ष सुरू होतं तेव्हा सहसा तारखा पुढे येतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोटा संपला की मागे जातात.

इथे एक गोष्ट मोठ्याने सांगतो कारण अनेकांना माहीतच नसते. देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. आणि नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत बसता येतं. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतले वडील मस्कत, दुबई, कुवेत, बहारीनला नोकरीला होते, तिथे जन्मलेली मुलगी तुमची बायको असेल तर तिच्या जन्माच्या देशावरून तुमची केस काही वर्षांत संपू शकते. माझ्या ओळखीच्या एका रत्नागिरीच्या मुलाने सहा वर्षं एच-१बी वर काढली, वकिलाने कधी विचारलं नाही आणि याने कधी सांगितलं नाही की बायको मस्कतला जन्मली. समजल्यावर महिनाभरात ४८५ भरला.

घरातल्यांचं

आय-१४० अप्रूव्ह झाला की एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, जोडीदाराला वर्क परमिट मिळू शकतं, २६ मे २०१५ पासून. माझ्या बायकोने चार वर्षं घरी बसून काढली होती, ते कार्ड ज्या दिवशी आलं त्या दिवशी ती पाकीट हातात घेऊन दारातच उभी होती. रिन्युअल मात्र आता आधीपेक्षा लवकर करा, ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्युअलला आपोआप मिळणारी वाढीव मुदत राहिली नाही, म्हणजे जुनं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर काम थांबतं. १८० दिवस आधीपासून अर्ज भरता येतो.

मुलं भारतात जन्मलेली असतील तर २१ वर्षांचा काटा डोक्यावर असतो. तारीख यायच्या आत मूल २१ चं झालं तर ते तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. वयातून आय-१४० पेंडिंग असलेले दिवस वजा करायला मिळतात, बस, पर्मचे दिवस मिळत नाहीत. माझी मुलगी २००९ ची, माझा आय-१४० साध्या मार्गाने पाच महिने चालला होता, म्हणजे तिला पाच महिने जास्त. १५ ऑगस्ट २०२५ पासून हे वय अंतिम निर्णयाच्या तक्त्यावरून मोजतात, फाइलिंगच्या तक्त्यावरून नाही, त्यामुळे अनेकांचं गणित बदललं. मूल पंधरा-सोळाचं झालं की हा हिशोब एकदा वकिलासोबत कागदावर मांडा आणि कॉलेजसाठी एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, विचार वेळेत करा.

जन्माचा दाखला

सगळ्यात साधा वाटणारा आणि सगळ्यात जास्त रडवणारा कागद. आय-४८५ ला जन्माचा दाखला लागतो, त्यात तुमचं नाव, जन्मतारीख, गाव आणि आईवडिलांची नावं पासपोर्टशी जुळली पाहिजेत. माझ्या वेळी बाबा आमच्या तालुक्याच्या ऑफिसात गेले, क्लार्कने जाड रजिस्टर काढलं, बाबांनी मला त्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या ओळीत बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, फक्त "पुरुष", आणि आईचं नाव तिच्या माहेरच्या हाकेच्या नावाने लिहिलेलं. नाव चढवून घ्यायला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र असं करत बाबांना पाच खेपा पडल्या.

आधी जन्म कुठे नोंदवला ते शोधा. पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी होतं, म्हणजे नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, वडिलांच्या गावी शोधून सापडणार नाही. नोंदच नसेल तर तिथल्या निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि सोबत शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. जुना दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, ते दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करून खाली तसं लिहून सही केली तरी चालतं, महागडी एजन्सी लागत नाही. बायकोचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर असं असतंच, त्यासाठी लग्नाच्या नोंदणीचं सर्टिफिकेट काढून ठेवा, लग्नपत्रिका आणि फोटोवर भागत नाही. आईवडील हिंडू-फिरू शकतात तोवर हे करून घ्या. माझे बाबा गेले वर्षी गेले, आणि आज मला ते ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे हेही सांगता येणार नाही.

तारीख आली तर

तारीख उघडली की खिडकी महिना-दोन महिनेच उघडी असते, कधी तेवढीही नाही. आय-४८५, वर्क परमिटचा आय-७६५, प्रवासाचा आय-१३१ एकदमच भरतात. १ एप्रिल २०२४ पासून आय-४८५ ची फी मोठ्या माणसाला १,४४० डॉलर आहे, वर्क परमिट आणि प्रवासाचे वेगळे, म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर पैसे बाजूला काढून ठेवा. डिसेंबर २०२४ पासून मेडिकलचा फॉर्म, आय-६९३, अर्जासोबतच जोडावा लागतो, नंतर पाठवू म्हणता येत नाही. मेडिकल फक्त यूएससीआयएसने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच होतं, त्याला इथे सिव्हिल सर्जन म्हणतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मित्राला आमच्या शहरात अपॉइंटमेंटच मिळेना, तीन तास गाडी चालवून दुसऱ्या गावी गेला. लहानपणीच्या लसींचे कागद नसतील तर रक्त तपासून किंवा परत लस घेऊन भागतं, ते आधीच करून टाका.

अर्ज भरल्यावर वर्क परमिट आलं तरी मी एच-१बी चालूच ठेवा म्हणेन, ४८५ काही कारणाने नामंजूर झाला तर पायाखाली जमीन राहते. १८० दिवस झाले की त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामात नोकरी बदलता येते, नवा पर्म लागत नाही, नवीन कंपनीने सप्लिमेंट जे नावाचा फॉर्म भरायचा. पत्ता बदलला तर १० दिवसांत यूएससीआयएसला कळवा, बायोमेट्रिकची नोटीस जुन्या घरी जाऊन केस बंद पडल्याचं मी बघितलंय.

माझी निळी फाइल तयार आहे, चौघांचे दाखले, भाषांतरं, लसींचे कागद, दोन्ही आय-१४० च्या नोटीसा, फक्त फोटो आणि मेडिकल बाकी ठेवलंय कारण ते ताजे लागतात. बुलेटिन आलं की आधी भारताच्या रकान्यात ईबी-२ ची ओळ बघतो, मग ईबी-३ ची, आणि मित्राला फोन करतो.